आईसाठी रचलेला विलाप

अम्हा गेला, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

या गोष्टीत ते सगळ्यांनाच माहीत आहे. अकॉर्डियन वाजवणाऱ्या बेलायला माहीत आहे, ढोल बडवणाऱ्या कासूला माहीत आहे, गाडी हाकणाऱ्या नुरूला माहीत आहे. गोंदरच्या हॉटेलातल्या ज्या बाईनं फोन उचलला, तिलाही माहीत आहे. आता तुम्हालाही झालं. माहीत नाही ते एकट्या त्याच्या आईला.

आणि तिला सांगायचं नाही. वाटेत नाही, परक्या गावात नाही, फोनवर तर नाहीच नाही. मरणाची खबर माणसाला त्याच्या स्वतःच्या अंगणात द्यायची, पहाटे, जवळच्यांनी दोन्ही बाजूंनी दंड धरलेले असताना. या रीतीला मेर्दो म्हणतात. त्याआधी जो तोंड उघडतो, त्याच्या तोंडाकडे पुन्हा कुणी बघत नाही.

तेव्हा तुम्हीही गप्प राहा.

*

गोंदर

तिमकतचा सण उरकला की लग्नांची झुंबड उडते. मोठा उपास लागायच्या आत सगळ्यांना पोरी उजवायच्या असतात. शेवाये देग्फू मांडवात नवरीच्या मामाचं कौतुक गात होती आणि मामा तिच्या कपाळाला नोटा चिकटवत होता, तेव्हा बेलायला हॉटेलात बोलावणं आलं. फोनवर आदिस अबाबाहून गल्लीच्या मयतमंडळाचा म्होरक्या होता.

"बेलाय? जवळ कोण आहे?"

"कुणी नाही. बोल."

"शेवायेचा अम्हा गेला रे. आधी साधा ताप म्हणाले, मग टायफॉइड म्हणाले, मग काही म्हणायला वेळच राहिला नाही. दुपारी माती दिली."

"देवा... आम्ही आत्ताच्या आत्ता निघतो."

"निघू नकोस! लग्नं किती राहिलीत?"

"आजचं. आणि परवा बहिर दारला एक."

"दोन्ही उरका. लग्न मोडून आणलंत तर तिला गाडीतच कळेल. घाटात दार उघडून उडी घेतली तर? नेहमीसारखी आणा. पहाटेची आणा."

"नेहमीसारखी म्हणजे कशी?"

"नेहमीसारखी म्हणजे नेहमीसारखी. पन्नाशीचा घोडा झालास, हे पण मीच शिकवू?"

बेलाय मांडवात परतला आणि अकॉर्डियन गळ्यात अडकवलं. शेवाये नवरीच्या आईवर कडवं रचत होती. पोरगी वाढवलीस ती दुसऱ्याच्या दारात लावायला, असं काहीसं. बाया रडत होत्या, हसत होत्या. बेलायनं सूर धरला. त्या रात्री त्यानं एकही सूर चुकवला नाही, हे त्यालाच पुढं कित्येक दिवस सहन होईना.

*

नेहमीसारखं

शेवाये आणि कासू यांचं नेहमीचं बोलणं असं असे:

"एतेते, गळा साफ करा, नाहीतर नवरी पळून जाईल."

"तुझा ढोल ऐकून नवराच पळालाय, ते बघ आधी."

एतेते म्हणजे थोरली बहीण. कासू ते तोंडानं मानानं म्हणायचा आणि डोळ्यांनी चेष्टेत. दहा वर्षं दोघांचं असंच चाललं होतं. थाळीतल्या शेवटच्या मांसाच्या तुकड्यावरून तर दर जेवणाला लढाई.

दुसऱ्या दिवशी बहिर दारच्या वाटेवर ते जेवायला थांबले. थाळी मध्ये, चौघं भोवती. कासूनं इंजेराची आंबट भाकरी तोडली, शेवटचा तुकडा तिच्यात गुंडाळला आणि घास करून शेवायेच्या तोंडासमोर धरला.

"खा, एतेते. तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही."

शेवायेनं घास घेतला, चावला, गिळला आणि हसत म्हणाली, "एवढा गोड झालास? कोण मेलं रे?"

बेलाय म्हणाला, "नुरू, टायरात हवा कमी वाटते का?" नुरू म्हणाला, "बघतो," आणि तोंडातला घास तसाच घेऊन उठला.

मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. गाडीतला रेडिओ सकाळपासून बंद होता. दुपारच्या बातम्यांनंतर रेडिओवर मयतांची नावं सांगतात. रात्री हॉटेलातल्या बाईनं फोन बिघडल्याचं सांगितलं होतं आणि तिच्या पाठीमागे फोन वाजला होता. शेवाये परसाकडे गेली तर हॉटेलातली एक मुलगी कारण नसताना दारापर्यंत सोबत आली होती.

आई, ती मनात म्हणाली.

दुसरं कुणाचं नाव तिच्या मनात आलंच नाही. आई थकलेली, हिवाळाभर खोकणारी. अम्हा एकोणीस वर्षांचा. एकोणीस वर्षांचं पोर आपल्या मनात मरत नसतं, त्याला तिथं मरायला जागाच नसते.

मग विचारलं का नाही? असं परक्यांनी म्हणावं. जे लपवतात त्यांची जशी एक रीत असते, तशी ज्याच्यापासून लपवतात त्याचीही असते. विचारायचं नसतं. विचारलं की लपवणाऱ्यांना खोटं बोलावं लागतं, मग ते पाप आपल्या माथी. शेवायेनं स्वतः क्रारच्या तारा छेडणाऱ्या एका वादकापासून त्याच्या बापाचं मरण लपवलं होतं, सगळा दौराभर, त्याच्याशी पत्ते खेळत. तो शेवटी म्हणाला होता, "मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं, पण तू इतक्या मनापासून हरत होतीस."

म्हणून शेवाये गप्प बसली. नुरूनं टायर तपासले. हवा बरोबर होती.

*

मामिते

मेंझच्या थंड डोंगरावर शेवायेच्या आईसारखी, मामितेसारखी, रडणारी दुसरी नव्हती. कुणी गेलं की खेचर पाठवून तिला नेत. तंबूत उभी राहून ती गेलेल्या माणसाबद्दल दोन ओळी म्हणे. बाया छाती पिटत त्या ओळी उचलत, मग पुढच्या दोन. मेलेला माणूस कंजूष असला तर तेही ती म्हणे, पण असं म्हणे की त्याची बायको आणखीच मोठ्यानं रडे. शेवाये तिच्या पाठीवर बांधलेली असताना रडण्याची चाल शिकली आणि चौदाव्या वर्षी एकतारी मासिंको वाजवणाऱ्या एकाबरोबर राजधानीत पळाली.

मग कझांचिसच्या दारूगुत्त्यात तेज या मधाच्या दारूच्या बाटल्यांमधून फिरत गाणं. मग सरकारी थिएटरच्या कोरसात मागच्या रांगेत, मग पुढच्या. मग ती एक कॅसेट, जी प्रत्येक टॅक्सीत वाजली. मग ते सरकार गेलं, कीबोर्डवाली पोरं आली, आणि शेवाये लग्नांत उरली.

मधेच अम्हा झाला. त्याचा बाप कुठल्या तरी दौऱ्यात मागं राहिला. शेवायेनं आईला डोंगरावरून आणलं, तिच्या मांडीवर पोर ठेवलं आणि गाडीत बसली.

मामिते गल्लीतही रडू लागली. गल्लीतले लोक म्हणत, मामिते असताना मरावं, नंतर मरण्यात काही राम नाही. लेकीच्या धंद्याला मात्र तिनं कधी चांगलं म्हटलं नाही. "लग्नात गाणाऱ्याला लोक ऐकत नाहीत, जेवतात," ती म्हणायची. "ऐकतात ते मयतात. माझ्या मयताला सगळं मेंझ उतरून येईल. शेवायेच्या तोंडून काय निघतं ते ऐकायला. बघू तेव्हा."

आता ते तेव्हा आलं होतं. गाडीतल्या खिडकीशी बसलेल्या शेवायेला त्याचीच धास्ती होती. रडण्याची नव्हे. रडण्यात कमी पडण्याची.

*

रेडिओवरच्या जुन्या मुलाखतीतला तुकडा

— तुम्ही स्वतः कडवी रचता?

— रचायची. आता लोकांना जुनीच हवी असतात.

— घरी कोण कोण?

— आई. एक मुलगा.

— मुलाला तुमचं गाणं आवडतं?

— त्याला विचारा. (हसते.) तो घरी असतो, मी नसते.

*

बहिर दार

लग्न तळ्याकाठच्या मोठ्या घरात होतं. शेवाये तोंडानं नवरीच्या केसांचं गाणं गात होती आणि त्या गाण्याच्या तळाशी दुसरंच काही शिजत होतं.

डोंगरावरचं जव पिकलं, कापणारी निघून गेली.
वाऱ्यानं ओंब्या हलल्या, मला वाटलं तिनं हाक दिली.

ती गाता गाता थबकली. बेलायनं घाबरून तिच्याकडे पाहिलं आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. ती लगेच पुढे गेली. पण ते दोन चरण आत पक्के बसले होते. किती वर्षांनी! लोकांना जुनी हवीत म्हणून नवी सुचत नाहीत, की सुचत नाहीत म्हणून लोकांना जुनी हवीत, हा हिशेब तिनं कधीच सोडून दिला होता. आणि आता नवरदेवाच्या काकानं तिच्या कपाळाला नोट चिकटवली तेव्हा दुसरं कडवं येऊन उभं राहिलं.

घराचा मधला खांब पडला, छप्पर अजून उभं आहे.
छपराला सांगू नका कुणी, त्याला पडायला वेळ आहे.

हे मामितेलाही सुचलं नसतं. शेवायेला ते कळलं, आणि जे वाटलं ते लिहायला बरं नाही: तिला आनंद झाला. लग्नघरात, आई मेलेली आहे असं पक्कं ठाऊक असताना, तिच्या अंगावर आनंदानं काटा आला. त्या दिवशी ती अशी गायली की जेवणारे जेवायचे थांबले.

"आज एतेतेला काय झालंय?" कासू बेलायच्या कानाशी म्हणाला.

"तिला कळलंय," बेलाय म्हणाला.

"कळलं असतं तर अशी गायली असती? पोटचं पोर आहे, गाशे." गाशे म्हणजे थोरला भाऊ.

"मग नाही कळलेलं. वाजव."

*

देब्रे मार्कोस

बाजारात शेवाये बुटांच्या दुकानासमोर थांबली.

"गाशे बेलाय, अम्हासाठी बूट घ्यायचेत. काळे."

बेलायच्या हातातली दात घासायची काडी खाली पडली. "बूट? आत्ता? आदिसला मिळतात की, यापेक्षा बरे."

"आदिसला वेळ मिळेल न मिळेल."

तिच्या डोक्यात सरळ होतं: मयताच्या तंबूच्या तोंडाशी घरातल्या पुरुषानं उभं राहायचं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून नमस्कार करायचा असतो. घरात पुरुष म्हणजे अम्हा. आजीच्या दुखवट्यात तो प्लास्टिकच्या चपला घालून उभा राहील, हे तिला नको होतं. हे बोलता येत नव्हतं, म्हणून ती दुकानदाराशीच बोलली.

"पोराच्या पायाचे."

"कितीचा पाय?"

शेवायेनं बेलायकडे बघितलं. "किती असेल रे?"

"मला काय माहीत," बेलाय म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

"एवढा ओरडतोस काय? तुझ्याएवढाच असेल. पाय घाल बघू."

बेलायनं दुकानातल्या स्टुलावर बसून मेलेल्या पोराचे बूट पायात घातले. उभा राहिला. चालून दाखवलं. दुकानदारानं जास्त किंमत सांगितली आणि शेवायेनं घासाघीस करायला बेलायलाच पुढे केलं. तो घासाघीस न करता पैसे देऊन मोकळा झाला तेव्हा तिला त्याची दया आली. किती जपतोय माझ्या आईला, तिला वाटलं.

*

घाट

नाईलच्या घाटात गाडी तापली. नुरूनं पुलाच्या अलीकडे थांबवली आणि पाण्याचा डबा काढला. खाली नदी मातकट, वर दोन्ही बाजूंना उभे कडे. शेवायेनं नेतेलाची पातळ शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्या आड ओठ हलवत कडवी घोळवली. तिसरं अजून येत नव्हतं.

"प्रार्थना करताय का, एतेते?" कासूनं विचारलं.

"करत होते. तू मोडलीस." मग तिला वाटलं, या बिचाऱ्याला थोडं हलकं करावं. "घरी जाऊन दोन दिवस झोपणार बघ. आई आणि अम्हा वाट बघत असतील. आईनं आतापर्यंत शिव्या घालायला सुरुवात केली असेल."

कासू वळला आणि कठड्यापर्यंत चालत गेला. पाठमोरा उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. एवढा बडबड्या माणूस, ढोलाच्या कातड्यासारखा निबर, आणि आईचं नाव काढताच असा मोडला. मामिते त्याला दर वेळी जेवायला घालायची. शेवायेनं त्याच्या पाठीवर हात ठेवायला दोन पावलं टाकली, आणि त्या दोन पावलांत तिसरं कडवं आलं.

तुझ्या हाताखाली रडायला शिकले गं आई,
आता तुझ्यावर रडायला कोण गं शिकवील?

ती जागच्या जागी थांबली. कासूच्या पाठीवर हात ठेवायचा राहिला. हे शेवटी म्हणायचं, तिनं ठरवलं. हे म्हटल्यावर सगळं मेंझ जमिनीवर लोळेल.

गाडी थंड झाली तेव्हा तिला वाटलं, आणखी थोडी तापली असती तर बरं झालं असतं. चौथंही आलं असतं.

*

अंगण

मुक्काम त्यांनी शहराच्या अलीकडे केला, म्हणजे उजाडताना पोचता येईल. बेलायनं काहीतरी कारण सांगितलं. शेवायेनं काहीतरी उत्तर दिलं.

गल्लीच्या तोंडाशी नुरूनं गाडी बंद केली. निलगिरीच्या पाल्याचा धूर, थंडी, आणि शेवायेच्या दारापुढे मयतमंडळाचा तंबू. बाकं मांडलेली. नेतेलाचे काठ दुखवट्यासाठी उलटे घेतलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या. दोघीजणी पुढे आल्या, त्यांनी तिचे दंड धरले. शेवायेनं स्वतःच केस मोकळे केले. तिला सगळं माहीत होतं. गुडघे कुठे सोडायचे, पहिली किंकाळी किती लांब, पहिलं कडवं केव्हा. तिनं श्वास भरून घेतला.

दारातून मामिते बाहेर आली.

डोकं भादरलेलं, गालांवर ओरखडे, छातीशी काहीतरी उलटं धरलेलं. पण पायांवर चालत, खोकत, जिवंत.

शेवाये हसली.

ते हसू सगळ्या गल्लीनं पाहिलं. पुढं लोकांनी ते विसरायचं नाकारलं, आणि त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना पहाटे, तंबूसमोर, केस सोडून हसणारी आई दिसली. ती का हसली हे कुणाला कळणार?

"आई!" ती म्हणाली. "अगं, तू..."

मामितेनं छातीशी धरलेली तसबीर सुलटी केली.

*

खबर दिली गेली.

*

किंकाळी कुठे गेली ते शेवायेला आठवत नाही. दंड धरणाऱ्या बाया तिच्याबरोबर खाली गेल्या, वर आल्या. मग रीतीप्रमाणे शांतता झाली. आईनं दोन ओळी म्हणायच्या आणि बायांनी त्या उचलायच्या, यासाठी असते ती शांतता. सगळे थांबले. शेवाये देग्फू, जिची कॅसेट प्रत्येक टॅक्सीत वाजत होती, ती आपल्या पोरासाठी काय म्हणते?

तिच्याकडे जे होतं तेच बाहेर आलं.

"डोंगरावरचं जव पिकलं, कापणारी निघून गेली..."

बायांनी उचलायला तोंड उघडलं आणि अडखळल्या. कापणारी? मामितेनं मात्र मान वर केली. चार दशकं याच धंद्यात घालवलेली बाई. कापड कुणाच्या मापाचं आहे हे तिला पहिल्या टाक्याला कळलं. तिनं लेकीकडे पाहिलं. मग ती पुढे आली आणि ओळ तिच्या हातातून काढून घेतली.

डोंगरावरचं जव कोवळं, कापणारा येऊन गेला.
वाऱ्यानं ओंबी हलली, मला वाटलं पोरगा आला.

बायांनी छाती पिटली. शेवायेच्या तोंडून दुसरं आलं. ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. मधला खांब पडला, छप्पर अजून उभं आहे. मामितेनं तेही फिरवलं.

घराचा कोवळा वासा मोडला, जुना खांब उभा आहे.
खांबाला विचारा गं कुणी, तो अजून का उभा आहे?

तंबूत कुणी उभं राहिलं नाही. मेंझहून उतरलेल्या म्हाताऱ्या जमिनीवर होत्या. कासू भिंतीवर डोकं आपटत होता आणि बेलाय त्याला धरत होता.

"तुझ्या हाताखाली रडायला शिकले गं आई..."

इथं मामिते थांबली. ओठ हलले, पुन्हा हलले. एकही शब्द बदलेना.

"हे राहू दे," ती साध्या आवाजात म्हणाली, जणू चुलीजवळ बसली आहे. "हे माझं आहे. आता त्याचं म्हण."

शेवायेनं शोधलं. पोर पाठीवर बांधलेलं आठवलं. समोरचा पडलेला दात आठवला. एकदा बसस्टँडवर त्यानं हात केला होता, तो कुठल्या वर्षी? त्यानंतर दारं होती, गाड्या होत्या, मांडव होते. तो कशाला हसायचा, कोणत्या पोरीमागं होता, तापात त्यानं काय मागितलं. मेलेल्या माणसावर दोन ओळी रचायला तो माहीत असावा लागतो.

"माझ्याकडे त्याचं काही नाही, आई."

मागून कुणीतरी म्हणालं, "लोकांच्या पोरांना भरपूर आहे हिच्याकडे." कुणीतरी तिला गप्प केलं.

"मग बस खाली," मामिते म्हणाली. "आणि ऐक."

शेवाये बायांमध्ये बसली. मामितेनं सुरुवात केली. रात्री मोडके रेडिओ जुळवणारा माझा. गल्लीतल्या आंधळ्याला रस्ता ओलांडून देणारा आणि वर त्याच्याशी भांडणारा माझा. आईचं गाणं लागलं की रेडिओ बंद करणारा, मग पुन्हा लावणारा, शेवटचं कडवं ऐकणारा. तापात म्हणाला, तिला बोलावू नका, तिची लग्नं आहेत.

प्रत्येक दोन ओळींनंतर बाया त्या ओळी उचलत होत्या, छाती पिटत, एका आवाजात. शेवायेही उचलत होती. पण प्रत्येक ओळ तिला नवी होती, ऐकून समजायला वेळ लागत होता, आणि सगळ्या तंबूच्या मागून, एका ओळीच्या अंतरानं, तिचा एकटीचा आवाज येत होता: रेडिओ बंद करणारा, मग पुन्हा लावणारा, मग शेवटचं कडवं...